मदत हवी आहे: सासवडच्या बाजूला कच्च्या रस्त्यांची राइड, पाच जण आणि तीन तऱ्हांचे पाय

तिसरा_गिअर

मंडळी, पुण्याच्या आसपास कच्च्या वाटांवर सायकल चालवणारं कुणी इथे असेल तर जरा मार्गदर्शन करा.

आम्ही पाच जण आहोत. मी, वय ४४, गेल्या वर्षी हौसेने ग्रॅव्हल बाइक घेतली, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल. ४० मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, पेडलपाशी एकच दातेरी चक्र. डांबरावर शंभर किमी होतात, कच्च्यावर पस्तीसला दम निघतो. बायको आणि ताई हायब्रिडवर, ३५ मिमीचे टायर, आत साध्या ट्यूब. दोघी चिवट आहेत, पण उतारावर सुटी खडी दिसली की उतरून चालतात. भाचा पंधरा वर्षांचा, एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर. ब्रेक हा प्रकार त्याला अजून पटलेला नाही. आणि आमचे दाजी. त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो की बोपदेव घाट चढताना ते मागे वळून गप्पा मारतात.

हवं काय, तर एकाच गावातून सकाळी सहाला सगळ्यांनी निघायचं, आपापल्या झेपेल त्या वाटेने फिरायचं आणि साडेनऊ-दहाला त्याच गावात मिसळीला जमायचं. दाजी अवघड वाटेने, मी आणि भाचा मधल्या, बायको-ताई सोप्या. सासवड डोक्यात आहे. पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्यातले बरेच रस्ते गुळगुळीत झाले, रोड बाइकवाल्यांची चंगळ आहे. आम्हाला नेमकं उलटं हवंय.

आता मुळात इथे का विचारतोय ते. गेल्या रविवारी सुप्याच्या बाजूला गेलो होतो. एका ॲपवर रूट मिळाला: ‘सोपा, २८ किमी, चढ १८० मीटर’. पहिले बारा किमी झकास. माळरान, वाळलेलं गवत, लांबवर मेंढरं. मग रूट एका पाणंदीत घुसला. शुक्रवारी परतीचा पाऊस पडून गेलेला, वरून माती सुकल्यासारखी दिसत होती. पन्नास मीटर गेलो आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. टायर आणि फोर्कच्या मधली जागा काळ्या मातीने ठासून भरली होती, त्यात गवताच्या काड्या, म्हणजे अगदी लिंपण. काडीने टोकरलं, दहा पावलं ढकलली, पुन्हा तेच. मग उचलून घ्यायची तर सायकल दुप्पट जड, आणि बुटांना खाली चार-चार इंच मातीचे खूर. शेवटी कांद्याच्या वाफ्यात बसलेल्या एका मावशींनी खुरपं दिलं. मी चाक खरवडत होतो आणि त्या विचारत होत्या, “रस्त्यानं काय झालं हुतं?” उत्तर नव्हतं. पुढे ती पाणंद एका विहिरीपाशी संपली. त्यात बायकोच्या मागच्या चाकात सराटे, एकूण चार पंक्चर.

तर प्रश्न दोन. सासवडहून असं तिन्ही गटांना पुरेल असं काय काय आहे? आणि तुम्ही लोक रूट सोपा की अवघड हे ठरवता कशावरून? किमी आणि चढ यांवरून काहीच कळत नाही, हे मला खुरप्याने शिकवलं.

कऱ्हाकाठचा

सासवडचाच आहे, शेती घरची, सायकल शनिवार-रविवार.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. मातीचा रंग बघा. आपल्याकडे पाण्याचा निचरा होतो तो मुरमातून. मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगडच, त्यावर पाऊस पडून गेला की काही तासांत चाक चालतं, उलट धूळ बसलेली असते म्हणून पकड चांगली मिळते. काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात चिकणमातीचा अंश जास्त, ओली झाली की फुगते आणि चाकाला सोडत नाही. वरचा थर सुकलेला दिसला तरी खाली लोणी असतं. आमच्याकडे ज्याला वाफसा म्हणतात तो आल्याशिवाय शेतकरी औत घालत नाही, तुम्ही सायकल कशाला घालता? मूठभर माती घ्या, गोळा वळा, कंबरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर जा. तसाच राहिला तर डांबराने जा, लाज नाही त्यात.

म्हणजे तीच वाट मार्चमध्ये बायको-ताईंची आणि ऑक्टोबरमध्ये कुणाचीच नाही.

सोप्या गटाला नारायणपूर रस्त्याने चांगावटेश्वराकडे पाठवा. देऊळ बघून पुढे कोडीत-गराडे बाजूची गावं. (कोडीत म्हणजे आचार्य अत्र्यांचं गाव.) रस्ते बहुतेक लहान डांबरी, मधे मधे उखडलेले, कडेला मुरमाचे तुकडे. वाटलं तर कच्च्यावर उतरायचं, नाही तर डांबर आहेच सोबतीला. अंजिराच्या बागांतून मात्र आत शिरू नका, रखवालदार नुसता ओरडत नाही.

मधल्या गटाला सोनोरी. सासवडहून सहाएक किमी. गावात पानशांची गढी आहे, वर मल्हारगड. १७५७ ते १७६० मध्ये बांधलेला, मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला शेवटचा म्हणतात. पायथ्याच्या कच्च्या वाटा मुरमाड आहेत, चढ छोटे पण खडे. सुट्या खडीवर बसूनच चढायचं, उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

दाजींना मल्हारगडाच्या डोंगररांगेतून झेंडेवाडीच्या बाजूला उतरवा. खिंडीत सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, पायवाट आहे ती. गप्पा तिथे बंद होतील.

हडपसर_लोकल

एवढी यातायात कशाला? कॅनॉलच्या कडेचा रस्ता घ्या. यवतच्या पुढे सपाट, कच्चा, चढ शून्य. नवशिक्यांना एक नंबर.

कऱ्हाकाठचा

@हडपसर_लोकल, चढ शून्य हे खरं. पण आवर्तन चालू असेल, म्हणजे कॅनॉलला पाणी सोडलेलं असेल, तर एका हाताला भरून वाहणारं पाणी, कठडा नाही, आणि समोरून उसाची ट्रॉली आली की बाजूला व्हायला जागा नाही. खडी बघून उतरणाऱ्या माणसाला मी तिथे नेणार नाही. पोहणाऱ्यांनाही कॅनॉलची घसरडी भिंत वर चढू देत नाही.

हडपसर_लोकल

ट्रॉलीचं मान्य. कारखाने सुरू व्हायच्या आत जायचं, असं म्हणायचं होतं मला.

दोन_चाकं_एक_डबा

थोडं सामानाबद्दल. हायब्रिडच्या ट्यूब टणक फुगवल्यात का? बहुतेक जण ७०-८० पीएसआय (हवेचा दाब) भरतात आणि मग सायकल खडीवर उडते. ३५ मिमीला ५० च्या आसपास ठेवून बघा, वजनाप्रमाणे थोडं कमी-जास्त. तुमच्या ४० च्या ट्यूबलेसला ३५ पुरे. बायको-ताईंची अर्धी भीती तिथेच जाईल.

सराट्यावर उपाय ट्यूबलेस आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव). ते जमत नसेल तर माणशी दोन ट्यूब. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश. काट्याचं टोक आत राहतं आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. बांधावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या तर तो शेतकऱ्याचा ‘प्रवेश बंद’ आहे, ओलांडू नका.

मेंढरांच्या कळपाजवळ सायकलवरून उतरा. धनगरी कुत्री पळणाऱ्या चाकामागे लागतात, चालणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा सोडून देतात. सायकल मधे धरून मेंढपाळाला हाक मारायची.

आणि दाजी कितीही दणकट असोत, खिंडीत एकट्याला पाठवू नका.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे आभार. टायर तपासले, बायकोच्या दोन्हींत ७५ होते. मीच भरले होते, तिने हे वाक्य घरात तीनदा म्हणून झालं.

दिवे घाटातून पहाटे सायकली नेत नाही, ट्रकची वर्दळ नको. सायकली गाडीच्या कॅरियरवर टाकून सासवडला उतरणार. एक अडचण उरली: दाजींबरोबर जायला भाचा तयार आहे, ताई तयार नाही.

कऱ्हाकाठचा

पोराला सोनोरीपर्यंत दाजींबरोबर जाऊ दे, खिंडीत मी येतो. रविवारी मला तसंही तिकडे जायचंय. ताईंना सांगा, पोरगं माझ्या पुढे जाणार नाही.

तिसरा_गिअर

ताई हो म्हणाली. म्हणजे मधल्या वाटेला मी एकटाच उरलो, तेव्हा मी बायको आणि ताईबरोबर कोडीतला जातो. खरं सांगायचं तर सुप्यानंतर मला तीच वाट हवी होती. रविवारी सहाला, एसटी स्टँडसमोर. आज सकाळी कुंडीतल्या मातीचा गोळा करून पाहिला. फुटला नाही. पण ती कुंडी काल बायकोने भरपूर पाणी घातलेली निघाली.