मदत हवी आहे: आयपॅडवरचे तबला, तानपुरा आणि सिंथ वेगवेगळ्या ट्रॅकवर कसे घेऊ?

मंडळी, गाताना आयपॅडवर तीन ॲप एकदम चालवतो: तानपुरा, तबला आणि सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर). रेकॉर्डिंग मात्र स्वतंत्र ट्रॅकवर हवंय, म्हणजे नंतर नुसता तानपुरा खाली घेता येईल. स्क्रीन रेकॉर्डिंग करून पाहिलं, सगळं एकाच स्टिरिओत मिसळतं. हेडफोन जॅकमधून ऑडिओ इंटरफेसला (माइक-वाद्यांचा आवाज रेकॉर्डिंगसाठी आत घेणारी पेटी) दिलं तरी तेच. एयूएममध्ये (आयपॅडवरचं मिक्सर ॲप) सिंथ एयूव्ही३ म्हणून, म्हणजे दुसऱ्या ॲपच्या आत चालणारं प्लगइन म्हणून, उघडतो, त्याची वेगळी फाइल मिळते. तबला-तानपुरा तिथल्या यादीत दिसतच नाहीत. ठेका आधी रेकॉर्ड करून ठेवणं नको, कारण द्रुतकडे जाताना लय गातागाता वाढवतो. मॅक नाही, जुना फोन आणि दोन इनपुटचा इंटरफेस आहे. फोनवर तबला डावीकडे, तानपुरा उजवीकडे पॅन करून दोन इनपुटना दिले, तर माझ्या माइकसाठी जागा कुठून काढू?