समुद्र दिसतो म्हणून भुलू नका

लग्नाच्या वाढदिवसासाठी समुद्रकाठच्या गावात जरा झकास रेस्टॉरंट हवंय, असं इथे कुणीतरी विचारलंय, आणि उत्तरांत बहुतेकांनी 'अगदी पाण्याला लागून असलेलं बघा' म्हटलंय. माझं मत थोडं वेगळं आहे. किनाऱ्यालगतच्या जागेचं भाडं भरमसाट, आणि गिऱ्हाईक बहुतेक एकदाच येणारं. त्यामुळे तिथे स्वयंपाकघरापेक्षा देखाव्यावर भिस्त असण्याची शक्यता जास्त. दोन गल्ल्या आत जा. बिगरमोसमातही चालू असलेली जागा सापडली तर ती बहुधा स्थानिकांच्या जिवावर चालते, म्हणजे खाणं बरं असणार.

समुद्र दिसायलाच हवा असेल तर सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीचं टेबल राखून ठेवा. अंधार पडला की काचेत समुद्र नाही, आपलंच तोंड आणि मागचे दिवे दिसतात! आम्ही एकदा हौसेने नऊचं टेबल घेतलं होतं, तासभर स्वतःलाच न्याहाळत जेवलो. उघड्या गच्चीवर दुपारनंतर समुद्राकडून वारा जोरात येतो. मेणबत्ती टिकत नाही, नॅपकिन शेजारच्या टेबलावर. संध्याकाळ उतरली की तो मंदावतो.

आणि हो, मेन्यू बघा. फोटोंचं लॅमिनेट केलेलं जाडजूड पुस्तक असेल तर मी सरळ उठते. छोटा, रोज बदलणारा कागद असेल तर 'आज बोटीतून काय आलं?' एवढंच विचारा. वेटर अडखळला की समजा, मासा फ्रीझरमधला.