मदत हवी आहे: चिंगीच्या हृदयाची झडप गळतेय

आमची चिंगी पॉमेरेनियन आहे, दहा वर्षांची. लशीसाठी नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला. एक्स-रे आणि टूडी एको केला. मायट्रल झडप जाड होऊन गळतेय, हृदयाची डावी बाजू मोठी झालीय; स्टेज बी-टू, म्हणजे हृदय मोठं झालंय पण हार्ट फेल्युअरची लक्षणं अजून नाहीत. फुप्फुसात पाणी नाही, खोकला नाही. बेल वाजली की अजूनही दाराकडे धावते, त्यामुळे रिपोर्टवर विश्वासच बसत नाही.

पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलंय, दिवसातून दोनदा, जेवणाच्या तासभर आधी. या टप्प्यावर हे औषध दिल्याने हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं, असं २०१६च्या एपिक अभ्यासात दिसलं होतं. मला त्याचा फार आधार वाटतो.

पण आई पार खचलीय. झोपेतला श्वास मोजायला सांगितलाय. मिनिटाला ३०च्या वर राहिला तर लगेच फोन करायचा. आई रात्री उठून पोटावर हात ठेवून मोजते, चिंगी जागी होते, आकडा वाढतो आणि मग दोघींची झोप जाते. हात न लावता, लांबून नुसतं बघून मोजता येतं का? अंधारात कसं जमवता?

रिकाम्या पोटी गोळी कशी देता? आमची तर थुंकून टाकते. जिना बंद केलात का? फटाक्यांच्या दिवसांत काय केलंत?

आणि ज्यांच्या कुत्र्याने या आजारासोबत बरीच वर्षं काढलीत, त्यांनी कृपया लिहा. आईला वाचून दाखवायचंय.