मधुमेही मांजर, दातांचं ऑपरेशन आणि सकाळचं इन्सुलिन

मधुमेही मांजराच्या दातांचं ऑपरेशन असलं की 'भुलीसाठी मांजर उपाशी असणार, त्या दिवशी इन्सुलिन देऊच नका' असा सल्ला काही जण देतात. तो सरसकट पाळू नका. उपाशीपोटी पूर्ण डोस धोक्याचा हे खरं, पण डोस पूर्ण चुकवला तर ताणामुळे साखर आणखी चढते. साधारणपणे नेहमीच्या निम्मा देतात, तोही कानाच्या कडेला टोचून साखर बघितल्यावर. १५० (mg/dL) च्या खाली असेल तर सुई भरण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

सिरिंज नीट बघा, कृपा करून! लाल टोपणाची ४० ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी), नारिंगी १०० ची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २ युनिटच्या खुणेपर्यंत भरलं, तर ५ युनिट जातात.

ऑपरेशनसाठी सकाळचा पहिला नंबर मागा. भुलीत दर अर्ध्या तासाने साखर बघणार का, डेक्स्ट्रोज (साखर घसरली तर शिरेतून द्यायचं ग्लुकोज) हाताशी आहे का, हे आधीच विचारा.

घरी आल्यावर ओलं, कोमट खाणं. खाल्लं नाही तर संध्याकाळचा डोस आपल्या मनाने देऊ नका. पुढचे काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा. खराब दात आणि पू गेला की इन्सुलिनची गरज बऱ्याचदा घटते आणि जुनाच डोस जास्त होतो. मांजर झोकांड्या खायला लागली, तर साखर लगेच बघा.