मदत हवी आहे: बाबांचा चार महिन्यांचा ताप, मणक्याचा टीबी की जनावरांपासून होणारा ब्रुसेलोसिस?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा ६२ वर्षांचे, घरी तीन म्हशी. दिवाळीनंतर त्यांना ताप सुरू झाला. सकाळी धारा काढण्याइतके बरे असतात, दिवेलागणीला हुडहुडी भरते आणि पहाटे घामानं गोधडी ओलीचिंब. त्या घामाला भिजलेल्या वैरणीसारखा वास येतो, असं आई पहिल्यापासून सांगत होती. आम्ही मनावर घेतलं नाही. आठ-दहा दिवस ताप, मग तितकेच दिवस काही नाही, पुन्हा ताप.

विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची औषधं दोनदा झाली. मग कंबर धरली. बेळगावात एमआरआय केला, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात इन्फेक्शन निघालं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, तरी टीबीच्या गोळ्या सोमवारपासून सुरू करायच्या आहेत.

परवा जनावरांचे डॉक्टर रेडीला लस टोचायला आले. बाबांना बघून म्हणाले, "दसऱ्याला तुमची म्हैस गाभडली होती ना?" होती. वार अडकली होती, बाबांनी ती उघड्या हातानं ओढून काढली होती. शिवाय धारोष्ण दूध त्यांना रोज लागतं. चार महिन्यांत म्हशींबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

अशा वारेतून आणि कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिसही मणक्यात, त्यातही कमरेत बसतो आणि एमआरआयवर टीबीसारखा दिसू शकतो, असं त्यांच्याकडून कळलं. माझी खरी भीती पुढची आहे. रिफाम्पिसिन हे औषध दोन्ही आजारांत देतात. म्हणजे टीबीच्या गोळ्यांनी बाबांना थोडं बरं वाटेल, आपण निर्धास्त होऊ आणि ब्रुसेलोसिसला लागणारं डॉक्सीसायक्लिन मात्र मिळालेलंच नसेल.

ब्रुसेलाची (या आजाराच्या जंतूची) रक्ततपासणी आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं), दोन्ही गोळ्या सुरू होण्याआधी करून घ्यावं का? कल्चरला वेळ लागतो आणि हे जंतू हाताळणाऱ्यालाही लागू शकतात, म्हणून लॅबला आधी सांगायचं असतं ना? मणक्यातून सुईनं नमुना घ्यायचा आग्रह धरावा का? बेळगावातच थांबावं की मिरज-कोल्हापूरला न्यावं, आणि नेमकं कुठल्या विभागात दाखवावं?

आमच्या डॉक्टरांशी उद्या बोलणारच आहे. त्यांना न दुखावता हे कसं मांडू तेही सांगा. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सोमवारच्या आत लिहा. आईला आणि मलाही तपासून घ्यावं का? दूध तर आम्हीही तेच पितो, पण तापवून.