खडीच्या रस्त्यावर चालेल अशी बाबागाडी सुचवा (बाळ अडीच महिन्यांचं)

बावधनकर
नमस्कार मंडळी. बाळ अडीच महिन्यांचं आहे, वजन सव्वापाच किलो. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, गेटबाहेर निम्मं डांबर निम्मी खडी, आणि फुटपाथ असा की दर वीस पावलांना उतरा, परत चढा. सकाळी तासभर बाहेर, सुट्टीच्या दिवशी पुण्यातली वेताळ टेकडी, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा रत्नागिरीजवळचं गाव, अशा तिन्ही ठिकाणी चालेल अशी एकच बाबागाडी हवी आहे. दुकानात 'ऑल टेरेन' लिहिलेल्या चार-पाच पाहिल्या, पण चाकं सगळ्यांची सूटकेसला शोभतील अशी. बजेट ४० हजार, फार चांगली असेल तर थोडं वर. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडची जुनी बॉब कंपनीची गाडीही मिळू शकते. काय करावं?

चाक_आणि_आरे
स्टिकर वाचू नका, टेप घेऊन चाकाचा व्यास मोजा. ६ इंची चाकाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटर. समोर ३ सेंमीचा दगड आला की ते चढत नाही, अडकतं, आणि ढकलणाऱ्याचा सगळा जोर गाडी पुढे कलंडवण्यात जातो. १२ इंची चाक त्याच दगडावरून नुसता हिसका देऊन जातं, १६ इंचीला तो जेमतेम जाणवतो. चेंबरची जाळी आणि पेव्हरमधल्या फटींनाही हेच लागू. तुमच्या रस्त्यासाठी पुढे १२ आणि मागे १६ इंच ही जोडी योग्य. थुले अर्बन ग्लाइड २, बॉब रेव्होल्यूशन फ्लेक्स, अप्पाबेबी रिज या सगळ्या याच मापाच्या तीनचाकी.

टायरचे प्रकार तीन. हवेचा टायर सगळ्यांत मऊ, पण पंक्चर होतो. आत फोम भरलेला पंक्चर होत नाही, मात्र जड असतो आणि धक्के कमी खातो (रिजला पंक्चर न होणारे टायर आहेत ते असेच). तिसरा ईव्हीए, म्हणजे चपलेच्या तळव्यासारखा कडक फेस. आपल्या दुकानांतल्या बहुतेक गाड्यांना हाच असतो. ओल्या फरशीवर घसरतो आणि खडीवर सहा महिन्यांत त्याचे तुकडे उडायला लागतात.

सस्पेन्शनचं फार कौतुक करू नका. स्प्रिंग साधारण १५ ते २० किलोच्या मुलाचा विचार करून बसवलेली असते, पाच किलोच्या बाळाखाली ती हलतसुद्धा नाही. बॉबसारख्या काही गाड्यांत वजनाप्रमाणे स्प्रिंगची जागा बदलता येते, ती सगळ्यांत मऊ ठेवा. एवढ्या लहान बाळासाठी खरं सस्पेन्शन टायरमधली हवाच. टायरच्या कडेवर कमाल दाब छापलेला असतो, बहुधा ३० पीएसआय. बाळ हलकं असेपर्यंत २० च्या आसपास ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा आत गेला पाहिजे, पण गाडी ढकलताना रिम जमिनीला टेकता कामा नये.

दुपटं
चाकांआधी बाळाच्या पाठीचा विचार करा. अडीच महिन्यांच्या बाळाला मान धरता येत नाही. त्याला सपाटच झोपवायला हवं, म्हणजे एकतर कॅरीकॉट (फ्रेमवर बसणारी सपाट तळाची टोपली) किंवा पूर्ण आडवी होणारी सीट. वर सांगितलेल्या तीनचाकींची नेहमीची सीट एवढ्या लहान बाळाला चालेलच असं नाही, दुकानदार काहीही म्हणो. पुस्तिकेत 'जन्मापासून' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ती सीट वापरा.

कॅरीकॉटची मर्यादा साधारण ९ किलो, किंवा बाळ हातांवर रेटून उठायला लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. म्हणजे तुमच्या हातात उरले अडीच-तीन महिने. तेवढ्यासाठी नवा कॅरीकॉट घेऊ नये असं माझं मत. तोवर कापडी कॅरिअर वापरा: बाळाचं तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटांचं अंतर, आणि बाळ एवढ्या उंचीवर की मान वाकवून त्याच्या डोक्याची पापी घेता यावी. गाडी मग पाचव्या महिन्यात निवांत घ्या.

कार सीट अडकवता येते म्हणून ती रोजच्या फिरण्याला वापरू नका. त्यात बाळ अर्धवट बसलेलं असतं, झोप लागली की डोकं पुढे पडतं आणि श्वासाची वाट चेपते. ती गाडीतून उतरून दवाखान्याच्या दारापर्यंत जाण्यापुरती.

आणि मोहरीची उशी! घरात आजींशी काय वाद घालायचा तो घाला, पण बाबागाडीत किंवा कॅरीकॉटमध्ये ती नको. डोकं उचललं जातं आणि हनुवटी छातीला टेकते. जादा गादीही नको, कडेच्या फटीत तोंड अडकतं.

चाक_आणि_आरे
दुपटं यांना अनुमोदन, एक पुरवणी. बेबी जॉगरची सिटी मिनी जीटी२ ही मधली वाट आहे. तिची सीट जवळजवळ आडवी होते आणि चाकं साडेआठ इंची, पंक्चर न होणाऱ्या रबराची. मात्र एकाच गाडीच्या पुस्तिकेत देशागणिक वय वेगळं दिलेलं असतं, हातात येईल त्या गाडीची पुस्तिका बघा. पेव्हर आणि फुटपाथला ही उत्तम. खडीवर ढकलत नेता येईल, पण मजा नाही.

घाटवाट
टेकडीबद्दल. माथ्यावरच्या मुरमाच्या सपाट वाटेला १२ आणि १६ इंची चाकं पुरतात. चढाच्या दगडी पायवाटेवर कुठलीच बाबागाडी नेऊ नये, तीनचाकी तर आडव्या उतारावर पटकन कलते. चढताना बाळ कॅरिअरमध्ये. पाठीवरचा फ्रेमवाला कॅरिअर बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावरच.

तीनचाकीला लोक 'जॉगर' म्हणतात म्हणून कोणी पळायला जाऊ नका. थुले किमान ६ महिने सांगते, बॉब ८. खडबडीत रस्त्यालाही तोच नियम लावा, पळताना आणि खडीवर मानेला बसणारे हिसके सारखेच. तोपर्यंत चालण्याच्या वेगाने, तेही शक्य तितक्या गुळगुळीत भागातून.

सिॲटलवासी
जुनी बॉब घेणार असाल तर आधी बनावटीची तारीख बघा. फ्रेमवर, मागच्या बाजूला स्टिकर असतो. सप्टेंबर २०१५ पर्यंतच्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला सायकलसारखी खटक्याची पकड आहे. ती नीट आवळली नाही तर चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळतं आणि गाडी नाकावर आदळते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याबद्दल २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली होती. त्याच वर्षी तडजोड झाली आणि बदली भाग देण्याचं ठरलं. त्या काळातली गाडी असेल तर खटक्याऐवजी पान्याने आवळायचा आस बसवलाय का ते विचारा, नाहीतर सरळ नाही म्हणा.

बाकी तपासणी व्हिडिओ कॉलवरही होते. मागचं चाक उचलून फिरवायला सांगा. खरखर आली तर बेअरिंग गेलं. चाक आडवं हलवल्यावर डुगडुगलं तर आस किंवा बुश झिजलेला. ब्रेक लावून गाडी पुढे आणि मागे दोन्हीकडे ढकलून बघायची. पाचही पट्ट्यांची बकलं लावून जोरात ओढायची, पट्टा सरकला तर ती गाडी नको. टायरच्या कडेला बारीक भेगा असतील तर टायर बदलावे लागणार, तो खर्च धरा. गाडी रिकामी ढकलून हात सोडायचा. ती एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या चाकाजवळच्या समायोजनाच्या स्क्रूने सरळ होते, फ्रेम वाकलेली असेल तर होत नाही.

बावधनकर
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. पंक्चरचं काय करायचं? कोपऱ्यावरच्या दुकानात काढून मिळेल का? आणि लिफ्टचं दार मोजलं, ७० सेंमी भरलं. गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे.

चाक_आणि_आरे
पंक्चर काढून मिळेल, पण हवा त्याच्या कॉम्प्रेसरने भरू देऊ नका. १२ इंची ट्यूबमध्ये हवा मावते ती किती! दोन सेकंद जास्त दाबलं की ट्यूब फुटते किंवा टायर रिमवरून उडतो. पायपंपाने भरा. व्हॉल्व मोटारसायकलसारखा असतो, साध्या सायकलचा पंप त्याला बसत नाही. मोटारसायकलला चालणारा, दाब दाखवणारा पंप घ्या.

सुटी ट्यूब परदेशातून मागवायची गरज नाही. पुढच्या चाकाला १२½ × २¼ आणि मागच्याला १६ × १.७५ असं टायरवर लिहिलेलं असेल, तर मुलांच्या सायकलच्या त्याच मापाच्या ट्यूब बसतात. ट्यूब घेताना व्हॉल्व बघून घ्या. पुढच्या छोट्या चाकात आऱ्यांमुळे पंपाचं तोंड आत जात नाही, तिथे वाकडा व्हॉल्व असलेली ट्यूब सोयीची.

पुण्याच्या टेकड्यांवर पंक्चर होतं ते मुख्यतः सराट्याने आणि बाभळीच्या काट्याने. ट्यूबमध्ये आधीच सीलंट भरून ठेवा, बारीक भोकं आपोआप बुजतात. (गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सायकलवाल्यांचं डोकं खाणारं काटेरी झुडूप हा आपला सराटाच.) ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते.

आता लिफ्ट. अर्बन ग्लाइड २ ची रुंदी ६९ सेंमी, दार ७०. कागदावर जाते. प्रत्यक्षात दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर, एका हातात दूध-भाजी, आणि दार मिटत येतंय. रोज चाकं घासणार. तुम्हाला ६५ किंवा कमी रुंदीची लागेल. सिटी मिनी जीटी२ त्याच्या आसपास आहे. नाहीतर गाडी खाली पार्किंगमध्ये साखळीने बांधून ठेवायची आणि बाळ कडेवर घेऊन वर जायचं. सोसायटी मानत असेल तर मी हेच करायला सांगेन.

सीएनजीच्या डिकीत १६ इंची चाकांची गाडी अखंड बसणार नाही. मागची चाकं बटण दाबून निघतात, ती टाकीशेजारच्या फटीत आणि फ्रेम मागच्या सीटच्या पायाशी. विकत घ्यायच्या आधी दुकानात गाडी दुमडून, चाकं काढून, स्वतःच्या डिकीत ठेवून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

पाखाडी
कोकणाबद्दल थोडं. जांभ्याच्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) बाबागाडी ढकलत न्यायची नाही. दोघांनी फ्रेमला धरून उचलायची, हँडल आणि पुढची पट्टी धरून नव्हे. बाळ त्या वेळी तिसऱ्याच्या हातात. समुद्रावर कोरड्या मऊ वाळूत पुढचं चाक रुततं, म्हणून गाडी उलटी ओढत न्या. ओल्या घट्ट वाळूवर सरळ चालते. घरी आलं की गोड्या पाण्याने धुवा, पण बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा नको. आऱ्यांना आणि नटांना गंज एका रात्रीत धरतो. सांध्यांना खोबरेल किंवा ग्रीस लावलं की लाल माती चिकटून खरखरीत लगदा तयार होतो, तिथे सिलिकॉनचा कोरडा स्प्रे बरा.

पावसाचं प्लास्टिक कव्हर फक्त पाऊस पडत असतानाच. ऊन आलं की लगेच काढा, आत भट्टी होते. उन्हासाठी छतावर ओढणी किंवा दुपटं टाकतात तेही चुकीचं, हवा कोंडते. छत पुढे ओढा, कमी पडलं तर बाजूंनी मोकळी राहणारी सावली लावा.

बावधनकर
फुटपाथवर चढवायची काही युक्ती? आणि संध्याकाळी डास फार.

चाक_आणि_आरे
चढताना फुटपाथसमोर सरळ उभे राहा, तिरके नको. हँडल खाली दाबून पुढचं चाक वर टेकवा, मग मागची दोन्ही चाकं एकदम चढवा. उतरताना पाठमोरे व्हा आणि मागची चाकं आधी सोडा. तिरकं गेलात तर तीनचाकी एका कडेवर येते, कलंडतात त्या इथेच. खडीवर पुढचं चाक सरळ लॉक करा, नाहीतर ते फडफडायला लागतं. गुळगुळीत रस्त्यावरही फडफडत असेल तर चाकाचा नट सैल आहे किंवा टायरमध्ये हवा कमी आहे.

हँडलला पिशव्या टांगू नका. बाळ उचललं की मागचं वजन जास्त होतं आणि गाडी उताणी पडते. सामान खालच्या जाळीत. उतारावर हँडलचा पट्टा मनगटात. ब्रेकची परीक्षा घ्यायची तर १० किलो तांदळाची पिशवी सीटमध्ये बांधा आणि बेसमेंटच्या उतारावर ब्रेक लावून सोडून बघा. दोन मिनिटांत इंचभरही सरकता कामा नये.

दुपटं
डासांसाठी कडेला इलॅस्टिक असलेली जाळी घ्या, छतापासून पायापर्यंत एकच तुकडा, आणि ताणून बसवा. सैल जाळी बाळाच्या हाताला लागते, तिथूनच डास चावतो. अडीच महिन्यांच्या बाळाच्या अंगावर डासांचं मलम लावायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. जाळीला मलम किंवा स्प्रे लावू नका, बाळ ती तोंडात घालणारच.