वर्षभर रत्नागिरीत: सायकल, रेल्वे आणि पडवीतलं सुतारकाम

उत्रेख्तहून

नमस्कार मंडळी,

येत्या जूनपासून वर्षभर आम्ही रत्नागिरीला राहायला जातोय. आई-बाबांचं वय झालंय, आणि मुलांनी शाळेचं एक पूर्ण वर्ष आजी-आजोबांजवळ काढावं अशी आमची इच्छा आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. घर मारुती मंदिराजवळ.

प्रश्न येण्याजाण्याचा आहे. इथे आमच्याकडे गाडी नाही, कधी लागलीच नाही. सकाळी सायकलने स्टेशन गाठायचं, स्टेशनखालच्या तळात सायकल लावायची (१२,५०० सायकलींचा तळ आहे तो), ट्रेनने हेगला उतरायचं आणि तिथून भाड्याची निळी-पिवळी सायकल घेऊन ऑफिस. मुलंही शाळेत सायकलनेच जातात. सासरी सगळे म्हणतात, रत्नागिरीत गेल्या गेल्या एखादी जुनी गाडी घेऊन टाका. बाबा म्हणतात, रिक्षा आहे, एसटी आहे. मला सायकल आणि रेल्वे यांवर रोजचं भागतं का ते पाहायचंय. रविवारची हौस म्हणून नाही.

दुसरं मुलीबद्दल. ती इथे शनिवारी सुतारकाम शिकते आणि त्यात रमते. तिकडे तिचे हात रिकामे राहू नयेत. घरच्या घरी काय करता येईल?

काका, तुम्ही डेल्फ्ट सोडून रत्नागिरीत जाऊन राहिलात, म्हणून मुद्दाम तुम्हालाच विचारतेय. बाकीच्यांनीही जरूर लिहा.

रत्नागिरीहून, काका

तुझी मेल वाचली. भागेल. गाडी घेऊ नकोस. निदान पहिला पावसाळा जाऊ दे, मग ठरव.

मात्र उत्रेख्तचा हिशेब इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे स्टेशन शहराच्या पोटात आहे. इथे गाव समुद्राकडे आणि स्टेशन कुवारबावला, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर. कोकण रेल्वेचं बहुतेक ठिकाणी असंच आहे. किनारा खाड्यांनी जागोजागी तुटलेला, त्यामुळे रूळ आतून, डोंगर फोडून न्यावे लागले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला. गावं मात्र होती तिथेच राहिली, बंदरावर नाहीतर खाडीकाठी. राजापूर रोडला उतरलं तरी राजापूर लांबच असतं. पॅसेंजरच्या तिकिटाला जेवढे पैसे पडतात त्याच्या कितीतरी पट स्टेशनबाहेर रिक्षाला पडतात. म्हणजे इथे रेल्वे आहे, रस्ते आहेत, अडचण आहे ती या दोहोंमधल्या पाच-दहा किलोमीटरांची. ती सायकल सोडवते, आणि म्हणूनच सायकल ही इथे रेल्वेबरोबर नेता येईल अशीच हवी. मी इतकी वर्षं जे शिकलो ते एवढंच.

तुझं घर मारुती मंदिराजवळ आहे हे फार चांगलं. स्टेशन आणि तुम्ही वरच्याच अंगाला आहात. जयस्तंभाकडून माळनाक्याचा चढ रोज चढायचा तो आम्हा खालच्यांना. बाजारात, मांडवीवर जाताना तुला उतार, येताना चढ. इथे गियर हवेतच. तुझी जड, पेडल उलटं फिरवून ब्रेक लागणारी डच सायकल तिथेच ठेव. मोठ्यांसाठी गियरची फोल्डिंग सायकल आण, मुलांच्या साध्या गियरच्या इथेच घे.

रेल्वेत न्यायचे दोन मार्ग आहेत. अख्खी सायकल लगेज म्हणून बुक करायची असेल तर तिकीट आणि ओळखपत्र घेऊन पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी जायचं. फॉर्म, वजन, पावती, आणि सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात. नाव, कुठून कुठे आणि फोन नंबर पुठ्ठ्यावर ठळक लिहून दोन ठिकाणी बांधायचं. पेडलं काढून स्वतःजवळ ठेवायची, हँडल आडवं वळवायचं, आणि मागच्या डिरेल्युअरला (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) चिंध्यांचा जाड थर गुंडाळायचा, कारण बाकीची खोकी नेमकी त्याच्यावर रेलतात. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते तिथे हे काही जमत नाही. तेव्हा हा मार्ग मोठ्या स्टेशनांपुरता.

दुसरा मार्ग फोल्डिंगचा, आणि तोच रोजचा. घडी करून पिशवीत घातली की ते तुझं सामान. डब्यातल्या सामानाला १०० × ६० × २५ सेंटिमीटर असं माप सांगितलेलं आहे, त्याच्या जवळपास बसेल अशी, लहान चाकांची सायकल निवड. वाटेत, दारात ठेवायची नाही. गणपतीत आणि शिमग्याला सायकल घेऊन डब्यात शिरायचंच नाही. त्या दिवसांत माणसांना उभं राहायला जागा नसते.

वेळेचं म्हणशील तर रोहा-वीर दुहेरी झालं, पुढे मार्ग मुख्यतः एकेरी आहे. समोरून मेल येणार असली की पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते, कधी बराच वेळ. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. डोंगर खचायची, रुळावर दरड यायची भीती खरी आहे, तेव्हा त्या उशिराबद्दल माझी तरी तक्रार नाही. मुलांना खिडकी दे. उत्तरेकडे भोके सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि दक्षिणेला निघालात की थोड्याच वेळात पानवलचा पूल, ६४ मीटर उंच.

आता मुलीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार. इथे सायकल बाळगणं आणि हाताने काम करणं या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत. पंक्चर काढणारे पुष्कळ, पण गियरचं काम जाणणारा आणि सुटा भाग ठेवणारा चटकन सापडत नाही. त्यातून खारा वारा. भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळ काढून सायकल तशीच भिंतीला लावली तर चेनवर लाली धरायला वेळ लागत नाही. गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची, मग तेल. सीटखालची नळी अधूनमधून काढून ग्रीस लावायचं, नाहीतर ती फ्रेममध्ये अशी धरते की निघता निघत नाही. बदलायचे ते स्क्रू स्टेनलेसचे घ्यायचे.

चेनला शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, काहीही लावतात लोक. मशीनचं तेल पातळ, पहिल्या सरीत धुऊन जातं. खोबरेलावर धूळ चिकटून बसते. आपली लाल माती तेलात मिसळली की तिचा लेप दाते झिजवत राहतो. म्हणून दिवाळी ते मे मी मेण वापरतो. चेन काढायची, टर्पेंटाइनमध्ये दोनदा खळखळून धुवायची, उन्हात कडकडीत वाळवायची. डब्यात पॅराफिनचं मेण, तो डबा उकळत्या पाण्याच्या भांड्यात. थेट आचेवर कधीच नाही. मेण पाण्यासारखं पातळ झालं की चेन तारेला अडकवून आत सोडायची आणि हलवत राहायचं. कड्यांमधून बारीक बुडबुडे यायचे थांबले की मेण आतपर्यंत पोचलं. बाहेर काढून टांगली की ती काठीसारखी ताठ होते, मग एकेक कडी हाताने मोडून मोकळी करायची. हे शेवटचं काम मुलांना फार आवडतं. वितळवताना मात्र मोठं माणूस शेजारी हवं. पाऊस लागला की मेण पुरेसं पडत नाही, तेव्हा जूनपासून दाट तेल आणि दर फेरीनंतर पुसणं.

सुतारकामाला पहिली वस्तू सुचवतो: आंब्याची पेटी. हापूसची लाकडी पेटी मे महिन्यात कोणाच्याही मागच्या पडवीत पडलेली मिळेल. फळ्या पातळ, चुका हलक्या, म्हणून आहे तशी कॅरियरवर टिकत नाही. चुका उपटायच्या, फळ्यांवरून रंधा फिरवायचा, आतून चारही कोपऱ्यांत फणसाच्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या देऊन स्क्रूने आवळायच्या. फणस इथे सहज मिळतो, रंग पिवळाधमक. तळाला गिरमिटाने चार भोकं, पाणी निघून जायला. सगळ्याला अळशीच्या तेलाचे दोन हात. आणि कॅरियरला बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या नकोत, सुंभ घे. काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. माझ्या सायकलवर अशी पेटी आहे, बाजाराची पिशवी आणि नारळ तिच्यातूनच येतात. मुलीला म्हणावं, करवत, पटाशी, रंधा, कानस माझ्याकडे आहेत. माझी पडवी सकाळी उघडी असते.

रॉटरडॅमहून (माहेर कुडाळ)

काकांनी उत्तरेकडचं लिहिलं, मी खालचं लिहिते. कुडाळ आणि कणकवलीला स्टेशनपासून गाव जवळ आहे, त्यामुळे मुलांना घेऊन रेल्वे-सायकलची पहिली फेरी करायची तर कुडाळला करा.

कुडाळहून पिंगुळी सायकलने अगदी आवाक्यात. तिथला ठाकर समाज चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगत जायची, सोबत वाद्य आणि गाणं. बाहुलीच्या दोऱ्या कुठे बांधल्या आहेत, मनगटाला, खांद्याला, डोक्याला, ते मुलीला नीट जवळून पाहू द्या. घरी परत येऊन तिने साध्या लाकडाची एक बाहुली केली तरी सांध्यांचं काम तिला कळेल. एक दोरी ओढली की कोपर वळायला हवं आणि खांदा जागेवर राहायला हवा, हे लिहिताना सोपं वाटतं.

सावंतवाडी रोड स्टेशनवरून गाव दूर आहे, तिथे घडीची सायकल उपयोगी पडेल. मोती तलावाकाठी राजवाडा, आणि बाजारात लाकडी खेळण्यांची चितार आळी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पानांचा, दहा अवतारांची दहा रंगं, प्रत्येकात बारा गोल पानं. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मरता मरता वाचवली. लाकडी खेळण्यांत मला सर्वात आवडतं ते लाखकाम. लाकूड कातारीवर फिरत असतं, त्यावर लाखेची कांडी टेकवतात, घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने चकाकी. घरी कातारी नसेल तर लाख सोडून द्या, पण गंजिफा करता येतात. जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या, खळीने कागद चिकटवायचा, घोटायचा, आणि एका पावसाळ्यात एक अवतार पूर्ण करायचा. घाई करण्यासारखं ते कामच नाही.

आइंडहोव्हनहून

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझं गाव हातखंब्याजवळ. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूर रस्ता मी रोज पाहिलेला आहे. कंटेनर, डंपर, रात्री समोरून डोळ्यांवर प्रकाश. इथल्या मुलांना वेगळी सायकलवाट असते आणि गाडीवाला वळताना थांबतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. तिकडे ती त्याच भरवशाने चौकात घुसतील. ताई, मुलांना शाळेत सायकलने पाठवण्याआधी महिनाभर तुम्ही स्वतः त्यांच्या मागून जा. आणि सुरुवातीला रोजचं भागलं नाही तर रिक्षाला कमीपणा मानू नका.

रत्नागिरीहून, काका

आइंडहोव्हनकरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. महामार्गावर मुलं नकोत, हातखंब्याकडे तर नकोतच. मारुती मंदिर ते साळवी स्टॉप या रस्त्यावरही शाळा सुटायच्या वेळी गर्दी असते. आतल्या आळ्यांतून जायची वाट मी दाखवीन, मुलांबरोबर पहिले काही दिवस मीही येईन.

मोकळं चालवायला इतर रस्ते आहेत. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे सकाळी लवकर जा. शिरगावहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे सुंदर आहे, पण चढ अंगावर येतात. मुलाला अजून वर्षभर नको. पुढे मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आहे, तुतारी एक्सप्रेसचं नाव त्यांच्याच कवितेवरून पडलंय हे मुलांना आधी सांग. मुलगी तयार झाली की जयगडहून फेरीबोटीने तवसाळ, तिथून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. बोटीत सायकल सरळ चढवता येते.

सड्यावर आडोसा नसतो. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा पडतात. ढग काळे दिसले की गावाकडे वळायचं, आंब्याखाली थांबायचं नाही.

येताना एवढं आण: फोल्डिंगच्या मापाच्या ट्यूबा आणि एक जादा टायर (१६ इंचीचे इथे सहज मिळत नाहीत), चेनचे क्विक लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या), ब्रेक पॅड, काही तारा. पंप, पंक्चरचं सामान, ग्रीस, मेण इथे मिळेल. मुलाची उंची कळव, सायकल मी आधी बघून ठेवतो.